उचलताना श्वास कुठे होता?

यंदा चवथीला पंधरा दिवस असताना मांद्र्याच्या आमच्या घरामागचा गडगा पावसाने एका ठिकाणी कोसळला. चवथीच्या तोंडावर कामाला माणूस मिळणं कठीणच. दोन दिवस फोन करून झाल्यावर बाबा म्हणाले, "पाच-सात चिरे तर आहेत. मीच रचतो."

मी ओसरीवर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. कान मीटिंगमध्ये आणि डोळे गडग्याकडे. जांभ्याच्या एका चिऱ्याचं वजन तीसेक किलो, बाबांचं वय सदुसष्ट, आणि बीपीची गोळी गेली दहा वर्षं. "बाबा, राहू द्या" म्हणायला मी उठेपर्यंत दोन चिरे जागेवर बसलेही होते.

तिसऱ्या चिऱ्याला मी नीट पाहिलं. बाबा वाकले, ओठ घट्ट मिटले, चेहरा लाल झाला, मानेची शीर दोरीसारखी वर आली. चिरा गडग्यावर टेकवून ते सरळ झाले आणि मोठ्याने 'हुश्श' केलं. पुढच्याच क्षणी त्यांचा हात हवेत आधार शोधायला लागला. मी हेडफोन टाकून धावलो आणि त्यांना पायरीवर बसवलं.

"काय झालं?"

"काही नाही रे. ऊन लागलं जरा."

सकाळपासून ऊन पडलंच नव्हतं.

दहा मिनिटांत ते पूर्ववत झाले, चहा मागितला, पण आईने काही ऐकलं नाही. संध्याकाळी आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी पाहिला, १६४/९६. ईसीजी काढला, तो ठीक होता. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला आयुष्यात सुचला नसता.

"मास्तर, चिरा उचलताना श्वास कुठे होता?"

बाबा गोंधळले. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारलेल्या माणसाची अशी पंचाईत मी पहिल्यांदाच पाहिली. "श्वास... कोंडलाच असणार. जड उचलताना कोंडतोच की."

"आणि गोळी?"

यावर शांतता. पाऊस उघडला की आणू म्हणता म्हणता गोळ्या संपून चार दिवस झाले होते. आईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

डॉक्टरांनी गोळी आजपासून चुकवायची नाही, दोन आठवडे जड काही उचलायचं नाही, आणि पुढे उचलाल तेव्हा श्वास कोंडायचा नाही, असं तीन वाक्यांत सांगितलं. बाबांना मात्र एकच काळजी. "विसर्जनाला पाटावरची मूर्ती दरवर्षी मीच उचलतो. यंदा?"

"दोन आठवड्यांनी या. मग बघू."

गाडीत बाबा गप्प होते आणि मीही. मला माझा जिमचा ट्रेनर आठवत होता. मी दोन वर्षं जिमला जातो. डेडलिफ्ट शिकवताना त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोटभर श्वास घे, धरून ठेव, पोट टणक कर आणि मगच उचल." म्हणजे डॉक्टर म्हणतात धरू नका आणि ट्रेनर म्हणतो धर. गेल्या हिवाळ्यात एकदा जड वजन खाली ठेवताच माझ्याही डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. मी ते घरी सांगितलं नव्हतं. दोघांतलं खरं कोण, हे आता शोधणं भाग होतं.

जड काही उचलताना आपण जे करतो त्याला वैद्यकात वाल्साल्वा क्रिया म्हणतात. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा हा इटलीतला शरीररचनाशास्त्रज्ञ. १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कानावरच्या ग्रंथात त्याने नाक-तोंड बंद करून जोराने श्वास बाहेर ढकलण्याची युक्ती सांगितली, कानातला पू बाहेर काढण्यासाठी. विमानात कान बंद झाले की नाक दाबून आपण हवा ढकलतो, तीच ही युक्ती. वजन उचलताना नाक कुणी दाबत नाही, घसाच आतून बंद होतो. मराठीत याला साधा शब्द आहे, कुंथणं. बद्धकोष्ठ झालेला माणूस सकाळी जे करतो आणि माझा ट्रेनर जे शिकवतो, त्यांची यंत्रणा एकच.

आत काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

घसा बंद आणि छाती-पोटाचे स्नायू आवळलेले, म्हणजे छातीतली हवा कोंडते आणि तिचा दाब वाढतो. हृदय आणि त्यातून निघणारी महाधमनी त्याच पेटीत आहेत. बाहेरून दाबलेल्या पाइपातून पाणी पुढे उसळावं तसं रक्त पुढे ढकललं जातं आणि बीपी एकदम चढतो. त्यात हातापायांचे स्नायू ताणलेले असतात. ते आपल्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात, म्हणजे पाइपाचं पुढचं तोंडही अंगठ्याने दाबल्यासारखं होतं.

श्वास काही सेकंद तसाच कोंडून ठेवला तर दुसरी गोष्ट सुरू होते. शरीरातून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा पातळ भिंतींच्या असतात. छातीतल्या दाबाने त्या चेपतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. विहिरीत पाणी कमी असलं की पंप कितीही चांगला असला तरी धार बारीक होते, तसं प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. शरीर लगेच दखल घेतं, ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं.

मग येतो 'हुश्श'. घसा उघडतो, छातीतला दाब एका झटक्यात जातो आणि स्नायूही सैल पडतात. या क्षणी बीपी आणखी खाली घसरतो. मेंदूला दोन-चार सेकंद रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाबांचा हात हवेत गेला तो हा क्षण, आणि माझे काजवेही बहुधा याच क्षणाचे.

शेवटी शिरांमधलं अडलेलं रक्त धावत हृदयात येतं. वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, त्यामुळे बीपी नेहमीपेक्षा वर उसळतो, शरीर ठोके मंद करतं आणि थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. चिरा उचलून ठेवायला लागले पाच-सहा सेकंद. तेवढ्यात बाबांचा बीपी वर, खाली आणि पुन्हा वर जाऊन आला.

तो किती वर जाऊ शकतो, याचं मोजमाप कॅनडात झालं आहे. मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटू घेतले आणि दंडाला पट्टा बांधण्याऐवजी थेट धमनीत नळी घालून बीपी मोजला, कारण हे चढउतार पट्ट्याला पकडता येत नाहीत. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना या पाच जणांची सरासरी गेली ३२०/२५० वर. एकाचा आकडा तर ४८०/३५० च्याही पुढे गेला. आपण १४० दिसलं की मशीन खराब आहे का म्हणून बॅटरी बदलतो!

हे आकडे वाचून मी त्या रात्री जिमची बॅग कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं आणि परत काढली.

कारण एवढ्या दाबाने जिममधली धडधाकट माणसं पटापट कोसळत नाहीत. त्याचं एक कारण मोठं सुरेख आहे. छातीतला दाब वाढतो तेव्हा मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचाही दाब वाढतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आतून रक्त ढकलत असताना बाहेरून तो दाब आधार देतो. त्यामुळे तिच्या भिंतीवरचा खरा ताण आकड्यावरून वाटतो तेवढा वाढत नाही. शिवाय उचलताना कोंडलेली हवा पाठीच्या कण्याला आतून टेकू देते. पोट हवा भरलेल्या टायरसारखं कडक झालं की कणा वाकत नाही. माझा ट्रेनर सांगत होता ते या कण्यासाठी.

सांगलीचा संकेत सरगर आठवतो? ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त वजन डोक्यावर न्यायचं तर श्वास न कोंडता जमणारच नाही. आपल्या कमाल ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की श्वास आपोआप कोंडला जातोच, ठरवून टाळता येत नाही. पण या खेळाडूंनी वर्षानुवर्षं हळूहळू वजन वाढवलेलं असतं, श्वास एका उचलीपुरताच कोंडलेला असतो, आणि हृदय-रक्तवाहिन्या निरोगी असतात.

म्हणजे ट्रेनर चुकीचा नव्हता आणि डॉक्टरही. ट्रेनर माझ्या कण्याकडे बघत होता, डॉक्टर बाबांच्या धमन्यांकडे. श्वास कोंडल्याने कण्याला आधार मिळतो आणि त्याची किंमत रक्तवाहिन्या मोजतात. तिशीतल्या निरोगी माणसाला ती बहुधा परवडते. ज्यांना परवडत नाही ते असे: बीपी ताब्यात नसलेले, हृदयविकार असलेले, महाधमनी फुगलेली किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असलेले, हर्निया असलेले, आणि काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेले, कारण कुंथताना डोळ्यातलाही दाब वाढतो. यातल्या काहींना आपल्याला हे आहे हेच माहीत नसतं, बीपीचं तर हमखास.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. त्याच पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण कुठे निघालं? आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. दर चार माणसांत एक. म्हणून वजनं उचलणं सोडा, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. स्नायू वापरले गेले की साखर खर्च होते. नियमित केलेल्या वजनाच्या व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा बीपी थोडा खाली येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२३ च्या आपल्या निवेदनात हा व्यायाम हृदयासाठी उपयुक्त आणि सुरक्षित म्हटला आहे. उचलताना काही सेकंद चढणारा दाब वेगळा आणि रोजचा दाब वेगळा.

हे सगळं बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच शंका काढली. ते रोज पहाटे प्राणायाम करतात. "मग माझा कुंभकही बंद?"

प्रश्न रास्त होता. कुंभकातही श्वास थांबतो, पण स्वस्थ बसलेलं असताना, स्नायूंचा जोर न लावता. वाल्साल्वात दाब वाढतो तो श्वास थांबल्याने नव्हे, तर बंद दारावर हवा आतून ढकलल्याने. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांमधले असे दाब उपकरणं लावून मोजले होते. नौलीमध्ये श्वास पूर्ण सोडून, घसा बंद ठेवून पोट आत ओढतात, तेव्हा आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, असं त्यांना आढळलं. कुंथण्याच्या अगदी उलट. म्हणून श्वास थांबवण्याचे सगळे प्रकार एका मापात बसत नाहीत. तरीही बीपी जास्त असलेल्यांनी दीर्घ कुंभक करू नये असं योगशिक्षकही सांगतात, तेव्हा बाबांनी तूर्त साधा पूरक-रेचक ठेवला आहे.

या क्रियेचा औषध म्हणूनही उपयोग होतो. काही जणांचं हृदय एका विशिष्ट बिघाडाने अचानक भरधाव धडधडू लागतं. तेव्हा डॉक्टर रुग्णाला पंधरा सेकंद कुंथायला लावतात. शेवटच्या टप्प्यात ठोके मंद होतात ना, त्याचाच हा फायदा. कुंथून झाल्याबरोबर रुग्णाला आडवं करून पाय वर उचलले, तर १०० पैकी ४३ जणांचे ठोके मिनिटाभरात ताळ्यावर आले, नुसत्या जुन्या पद्धतीने १७ जणांचे, असं २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीत दिसलं. हा प्रयोग घरी करायचा नाही. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर १०८ ला फोन.

आता घरी काय करायचं ते. नियम सोपा आहे: जोर लावताना श्वास सोडायचा, परत आणताना घ्यायचा. चिरा असो, सिलिंडर असो, पाण्याची कळशी असो किंवा प्रवासाची बॅग, वाकताना श्वास आत, उचलताना तोंडाने हळूहळू बाहेर. जमत नसेल तर मोठ्याने आकडे मोजा किंवा काही बोला. बोलणाऱ्याचा घसा बंद राहू शकत नाही.

आपल्या जुन्या कष्टकऱ्यांना हे ठाऊक असावं. लहानपणी मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मी पाहिली आहे. दोर खेचणारे सगळे एका तालात ओरडायचे, त्याशिवाय ओढच नाही. मला तेव्हा वाटायचं की ते फक्त एकत्र जोर लागावा म्हणून. आता कळतं, प्रत्येक ओरडण्याबरोबर प्रत्येकाचा घसा उघडा राहत होता.

बाकीच्या गोष्टी अशा. पंचेचाळिशी ओलांडली असेल किंवा घरात बीपी-हृदयविकार असेल, तर जिमच्या पहिल्या दिवसाआधी बीपी मोजून घ्या. १६०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, १८०/११० च्या वर असेल तर तो ताब्यात येईपर्यंत वजनाला हात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हलकं वजन, १० ते १५ वेळा, आठवड्यातून दोन दिवस, आणि शेवटची उचल दात-ओठ खाऊन करायची नाही. जड वजन उचलून ठेवल्यावर झटकन ताठ होऊ नका, आधार धरून दोन श्वास घ्या. भिंतीला ढकलून ठेवण्यासारखे, एकाच स्थितीत ताणून धरायचे व्यायाम करताना श्वास हमखास कोंडतो, तिथे जास्त लक्ष. आणि बद्धकोष्ठ हा गमतीचा विषय नाही. हृदयरोग्याला पोट साफ होण्याचं औषध देतात ते यासाठीच.

माझं म्हणाल तर मी वजन थोडं उतरवलं आहे. रोजच्या सरावात उचलताना श्वास सोडतो. कधीमधी जड डेडलिफ्ट करतो तेव्हा श्वास धरतो, पण एका उचलीपुरताच, आणि दर उचलीला नवा. ते काजवेही आता घरी सांगून टाकले आहेत. बाबांच्या गोळीवरून मला ओरडायचा अधिकार हवा असेल, तर तेवढं करणं भाग होतं.

दोन आठवडे बाबांनी गोळी एकदाही चुकवली नाही. दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन रोज संध्याकाळी ओसरीवर सराव चाले, उचलताना मोठ्याने "एक", ठेवताना शांत. आई म्हणाली, शाळा परत सुरू झाली. चवथीच्या आदल्या दिवशी बीपी १३६/८४. डॉक्टर म्हणाले, "उचला, पण एकटे नाही."

पाचव्या दिवशी घुमटआरती संपली. पाटाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा. मी त्यांच्याकडे पाहत होतो, ते मूर्तीकडे. "गणपती बाप्पा..." असं काका म्हणाले आणि सगळं घर ओरडलं, "मोरया!" त्याच शब्दावर पाट उचलला गेला. बाबांचं तोंड सताड उघडं होतं, मानेची शीर जागेवर. इतकी वर्षं हे ओरडत आलो, पण त्यात श्वास सुटतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

गडग्याचे उरलेले चिरे दुसऱ्या दिवशी मी रचले. बाबा ओसरीवर चहा घेत बसले होते आणि दर चिऱ्याला तिथून ओरडत होते, "श्वास!"